लाट की लाकूड

मीटरताईच्या खांद्याला पर्स कुणी कधी पाहिली नव्हती, आणि मीटर नसलेला तिचा खांदाही कुणी पाहिला नव्हता. पिवळ्या रंगाचा, कडा झिजलेला, लाल आणि काळी अशा दोन तारा लोंबणारा तो वीज मोजायचा मीटर घेऊन ती धक्क्यावर उतरली की बोटवाले एकमेकांना म्हणत, "चला, डॉक्टरीणबाई आल्या. जिभा बाहेर काढा!" खरं नाव तिला होतंच, पण ते फक्त हजेरीपटावर. नवरासुद्धा चारचौघांत तिला मीटर म्हणून हाक मारायचा आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

शाळा संपल्यावर ती एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागली. दुकानदार म्हणायचा, मुलींची बोटं नाजूक, डाग द्यायच्या कामाला बरी. ती म्हणायची, "काका, डाग बोटं देतात, पण कुठे द्यायचा ते डोकं सांगतं." तो माणूस हसला आणि त्याने तिला डोक्याचं कामही शिकवलं. पुढे ती बोटींच्या कार्यालयात विजेच्या कामावर आली. दिवे, भोंगे, बॅटऱ्या, स्टार्टर आणि बोटीच्या मागे लटकणाऱ्या आउटबोर्ड मोटरींमधलं तारांचं जंजाळ, हे तिचं वीस वर्षांचं राज्य. बोटी एकूण नऊ होत्या. अलीकडे वस्ती, पलीकडे कारखाना, इस्पितळ आणि शाळा. मधे धरणाचं पाणी. ते पहिल्यांदा भरलं तेव्हा खालची झाडं तोडण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते, त्यामुळे पाणी उतरलं की त्यांचे शेंडे पृष्ठभागाच्या हातभर खाली येऊन उभे राहत, आणि कुजलेले ओंडके सुटून कुठेही तरंगत.

आता इतकी झाडं खाली असताना मोटर कधीतरी आपटणारच. पण कार्यालयाच्या नोंदवहीत सहा वर्षांत आपटल्याची एकही नोंद नव्हती. बहुधा झाडंच बाजूला सरकून बोटींना वाट करून देत असावीत. खरं कारण असं की नियमाप्रमाणे वर्षात तीनदा आपटलं की माणूस बोटीवरून खाली. त्यामुळे "लागलं" हा शब्द त्या धक्क्यावर कुणी तोंडातून काढत नसे. लागलं तर काय करायचं हे मात्र प्रत्येकाला पाठ होतं. मोटर वर घ्यायची, तिच्या पाण्यातल्या पंख्यावरून हात फिरवायचा, पातं वाकलेलं नसेल आणि पंखा हाताने फिरत असेल तर मोटर खाली सोडायची आणि पुढे निघायचं. तोंड बंद. ही विद्या त्यांना शिकवली होती वस्तादांनी. वस्ताद म्हणजे धक्क्यावरचे सगळ्यात जुने चालक. निम्म्या लोकांच्या हातात स्टिअरिंग त्यांनीच दिलेलं. आणि वस्ताद म्हणजे मीटरताईचे बाबा.

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी, अकरा माणसं बोटीत असताना, वस्तादांची मोटर मधोमध बंद पडली. मोटरच्या खालच्या टोकाला, पाण्यात बुडालेल्या गिअरबॉक्सला केसाएवढी चीर गेली होती. तिच्यातून ऑइल गळत राहिलं, पाणी आत शिरत राहिलं आणि शेवटी गिअर जागच्या जागी आवळले. वारा नेमका भिंतीच्या दिशेचा. वस्तादांनी वल्ही मारली, नांगर टाकला, ओरडून ओरडून घसा फोडला, पण बोट धरणाच्या भिंतीवर आपटली. सगळे वाचले. इस्पितळातल्या एका परिचारिकेचा गुडघा मात्र कायमचा गेला. ती अजून रोज बोटीने जाते, काठी टेकत.

चीर त्या दिवशीची नव्हती, दोन-तीन दिवस आधीची होती, एवढं मेकॅनिकने सांगितलं. कुणीतरी आपटली होती आणि गप्प बसलं होतं. ती बोट सकाळी घाऱ्या चालवायचा, दुपारी वस्ताद. घाऱ्या हा घाऱ्या डोळ्यांचा, कमी बोलणारा, वस्तादांचा सगळ्यात लाडका चेला. चौकशीत वस्ताद म्हणाले, "माझ्या हातून काही लागलेलं नाही. सकाळी बोट माझ्याकडे नसते." बस, एवढंच. नाव घेतलं नाही, पण घ्यायला उरलं काय होतं? वस्तादांना स्टिअरिंगवर होते म्हणून घरी बसवलं आणि घाऱ्याला प्रवासी बोटीवरून काढून सामानाच्या बोटीवर टाकलं. धक्क्यावर दोन तट पडले. मीटरताई कुठल्या तटात होती हे सांगायला नको. तिने घाऱ्याशी बोलणं टाकलं. त्याच्या बोटीची बॅटरी बदलायची असली तरी ती त्याच्याकडे न बघता बदलायची.

आणि बाबा? ते खिडकीत बसून राहिले. खिडकीतून पाणी दिसायचं. "दुपारची बोट पाच मिनिटं उशिरा आहे," एवढंच दिवसातून एकदा बोलायचे. धक्क्यावर त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. बाबांचं असं वाळत जाणं तिला बघवेना. ती एकदा नवऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी कोण आपटलं हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण मोटर आपटली की आपोआप कळतं, असं काहीतरी मी करून दाखवणार. मग लोकांनाही कळेल की ही लपवालपवी कशी चालते, आणि बाबांचा उगाच बळी दिला." नवरा शिंपी, बोटींच्या गाद्या आणि आवरणं शिवायचा. तो दातात सुई धरून म्हणाला, "कर." त्याच्याकडून एवढं भाषण म्हणजे फार झालं.

पहिले दोन प्रयत्न पाण्यात गेले. तिने मोटरच्या खालच्या भागाला हादरा ओळखणारा सेन्सर बसवला, तो तीन आठवड्यांत गंजला. दुसऱ्याची तार शेवाळात अडकून तुटली. मॅनेजरने बजावलं, "मोटरला आता एकही नवं भोक पाडायचं नाही, एकही नवी तार पाण्यात जाणार नाही." मॅनेजर म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर येणारा आणि बोटीत पाय ठेवायच्या आधी पाच वेळा बूट बघणारा गृहस्थ. पण या वेळी तो बरोबर बोलला होता आणि याचाच तिला जास्त राग आला.

उत्तर मिळालं ते एका सकाळी, तिसरंच काम करताना. एका बोटीचा टिल्टचा काटा बिघडला होता. मोटर किती वर उचललेली आहे हे चालकाला दाखवणारा तो साधा काटा. त्याच्यासाठी मोटरच्या वरच्या बिजागरीपाशी एक सेन्सर असतो, पाण्याच्या चांगला वर, आणि तिथून एक तार चालकासमोरच्या काट्यापर्यंत जाते. बोट धक्क्याशेजारच्या उतारावर काढून ठेवली होती आणि ताईने मीटर त्या तारेला लावून ठेवला होता. तेवढ्यात पलीकडून वेल्डरने ढकललेली हातगाडी मोटरच्या खालच्या टोकावर आदळली. मीटरवरचा आकडा टुणकन उडाला आणि परत जागेवर बसला.

"सॉरी ताई," वेल्डर म्हणाला.

"परत मार."

"काय?"

"हातगाडी. परत मार. जोरात."

वेल्डरने आजूबाजूला पाहिलं, कुणी साक्षीदार आहे का म्हणून. मग मारली. आकडा पुन्हा उडाला. त्यानंतर ताईने लाकडी हातोडा आणला आणि त्या मोटरला चाळीस वेळा बडवलं. धक्क्यावर बातमी पसरली की मीटरताईचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं, जागेवर आलं होतं. मोटर ओंडक्याला आपटली की झटक्यात मागे उचलली जाते आणि परत खाली बसते, हे तिला माहीत होतंच. पण ती उडी टिल्टच्या तारेत आपोआप उतरते, याकडे आजवर कुणी लक्षच दिलं नव्हतं. काट्याला ती दाखवायला वेळ मिळत नाही, तो जड असतो. म्हणजे सांगणारी तार बोटीत पहिल्या दिवसापासून होती. फक्त ऐकायला कुणी बसलं नव्हतं.

पण एका तारेवर विसंबता येत नव्हतं. उथळ पाण्यात चालक बटण दाबून मोटर स्वतःच वर घेतो, तेव्हाही तो आकडा बदलतो. मग तिने मोटर उचलणाऱ्या पंपाची तार पकडली. पंप चालू असेल तर ते चालकाचं काम, आपटणं नव्हे. मोठी लाट आली की पंखा क्षणभर हवेत फिरतो आणि मोटरचे फेरे वाढतात. म्हणून फेरे मोजणारी तारही पकडली. फेरे वाढले पण मोटर जागेवरून हलली नाही, तर ती लाट. मोटर उडाली, फेरे त्याच क्षणी बिघडले आणि पंप बंद होता, तर ते लाकूड. तिन्ही तारा आधीच बोटीत होत्या, तिन्ही कोरड्या. नवी एकही नाही, भोक एकही नाही. तिने बोटभर लांबीचं एक सर्किट एका डब्यात बसवलं, त्याला काय ऐकायचं ते शिकवलं, वर एक लाल दिवा लावला. सगळं इतक्या सहज झालं नाही, हे सांगायला नको. कार्यालयाच्या कामाच्या बोटीवर डबा ठेवून अकरा आठवडे ती नोंदी घेत होती. सुरुवातीला तो डबा चालकाच्या शिंकेलाही लाल व्हायचा. ती घरी येऊन जेवताना त्याच्याशी भांडायची. नवऱ्याने त्याला कॅनव्हासचं आवरण शिवून दिलं आणि म्हणाला, "घे. घरात तिसरं माणूस आलंय, त्याला कपडे नकोत?"

डबा तयार झाल्यावर ती मॅनेजरकडे गेली. मॅनेजर खुर्चीतून उठलाच.

"वा! म्हणजे आता कोण आपटतो ते नावासकट कळणार!"

ताईने डबा टेबलावरून उचलून पिशवीत टाकला.

"काय झालं?"

"नावासाठी केलेला नाही. दिवा लागला की बोट थांबवायची, गिअरबॉक्स उघडायचा, चीर शोधायची. माणसाला शिक्षा करायची असेल तर डबा मिळणार नाही. शिक्षा आहे म्हणून तर सगळे लपवतात. उद्या माझ्या डब्याची तारच कापतील."

"तुम्ही या कार्यालयाच्या नोकर आहात, ताई."

"मी आहे. डबा नाही."

मॅनेजर बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिला. माणूस वाईट नव्हता, वरच्यांना घाबरून असायचा एवढंच. शेवटी म्हणाला, "दोन गोष्टी करा. एक, हा डबा खऱ्या पाण्यात, खऱ्या ओंडक्यावर चालतो याची नोंद मला आणून द्या. हातोड्याचे खेळ नकोत. दुसरी, सगळ्या चालकांनी हा डबा हवा म्हणून सही करायची. तसं झालं तर तीन वेळांचा नियम काढून टाकायला मी वर भांडतो. एक जरी नाही म्हणाला, तर विषय संपला."

चालक एकजात नाही म्हणाले. "चुगलखोर डबा" असं त्याचं बारसंही करून मोकळे झाले. आणि ओंडक्यावर मुद्दाम बोट घालायला तर कुणी उभंही राहीना. "ताई, आयुष्यभर ज्याला चुकवलं त्याच्यावर जाऊन आपटायचं? हात वळणार नाहीत," असं म्हणून ते पांगले.

ती घरी आली आणि थेट खिडकीपाशी गेली.

"बाबा, उद्या बोट चालवायची आहे."

बाबांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "मला परवानगी नाही."

"प्रवासी न्यायची नाही. कामाची बोट आहे, मी कागद आणलाय. एका ओंडक्यावर आपटायचीय."

आता मात्र त्यांनी वळून पाहिलं. "आपटायची?"

"तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. "दोन वर्षं तुम्ही या खिडकीत बसलाय. तुम्ही आपटली नव्हती. हे कुणीतरी लपवलं म्हणून झालं. पुन्हा कुणाला असं लपवता येऊ नये म्हणून मी हे करतेय. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन."

 सकाळी ती उठली तेव्हा ते दारात बूट घालून उभे होते.

तिने एक ओंडका दोन रिकाम्या कॅनना दोरीने बांधून पाण्याखाली हातभर सोडला होता. वाऱ्याचा मागमूस नव्हता. बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि त्यांचे खांदे सरळ झाले. दोन वर्षं तिने हे खांदे असे पाहिले नव्हते. कमी वेगात ते ओंडक्याच्या दिशेने निघाले, आणि शेवटच्या क्षणी बोट अलगद डावीकडून निघून गेली.

"बाबा!"

"चुकलं. परत घेतो."

दुसऱ्यांदा बोट उजवीकडून गेली. तिसऱ्यांदा ते इतक्या सफाईने वळले की कॅनसुद्धा हलला नाही.

"तुम्ही मुद्दाम करताय!"

"मी नाही गं करत. हात करतात," ते कळवळून म्हणाले. "चाळीस वर्षं त्यांना हेच शिकवलंय."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. शेवटी ती त्यांच्या मागे उभी राहिली, त्यांच्या हातांवर आपले हात घट्ट ठेवले आणि म्हणाली, "डोळे मिटा." बाबांनी लहान मुलासारखे डोळे मिटले. बोट सरळ गेली. पायाखालून एक बोथट ठोका आला, मागे मोटर किंचित उडाली आणि बसली, मोटरचा आवाज क्षणभर चढला. डब्यावरचा दिवा लाल झाला.

"लागला! बाबा, दिवा लागला!" ती ओरडली. तिने दिवा विझवून वेळ टिपून घेतली. चार वेळा आपटली, चारही वेळा दिवा लागला. पाचव्या फेरीत बाजूने सामानाची बोट गेली. स्टिअरिंगवर घाऱ्या होता. त्याने यांच्याकडे पाहिलं नाही, यांनीही त्याच्याकडे नाही. त्याच्या बोटीची मोठी लाट आली, कामाची बोट उडून धपकन बसली, मोटर हवेत किंचाळली. दिवा लागला नाही.

"पाहिलंत? लाट ओळखली त्याने! लाट आणि लाकूड वेगळं कळतं त्याला!"

बाबांनी मोटर बंद केली होती. ते दूर जाणाऱ्या सामानाच्या बोटीकडे पाहत होते.

"पायालाही कळतं," ते म्हणाले.

"काय?"

"लाट आणि लाकूड. पायाला कळतं वेगळं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, वेळ सांगावी तसा. "त्या आठवड्यात, सोमवारी, शेवटच्या फेरीला असाच ठोका आला होता. हलकाच. मी मोटर वर घेतली, हात फिरवला, पंखा फिरत होता. मनाला सांगितलं, लाट असेल. चौकशीत विचारलं तोपर्यंत मला ती लाटच वाटायला लागली होती. पण आत्ता ठोका लागला ना, तो तसाच होता. अगदी तसाच. मला तेव्हाही कळलं होतं गं."

ती खाली बसली. पहिला विचार काय आला हे तिने पुढे कधीच कुणापासून लपवलं नाही. पहिला विचार हा आला की आजूबाजूला कुणी नाही.

"बाबा," ती हळू म्हणाली, "हे कुणी ऐकलेलं नाही. कुणाला सांगायची गरज नाही."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि तिला आपलीच लाज वाटली. दोन वर्षं ज्या गोष्टीवर ती दात-ओठ खात होती, तीच गोष्ट तिच्या तोंडून इतक्या सहज निघाली होती. तिला घाऱ्याची पाठ आठवली. त्याच्या बोटीत ती बॅटरी बदलायची तेव्हा तो टोकाला जाऊन पाठ करून उभा राहायचा, तिला त्रास नको म्हणून. दोन वर्षं ती त्या पाठीला अपराध्याची पाठ समजत आली होती.

"तू ते सह्यांचं सांगत होतीस," बाबा म्हणाले. "चालक कधी जमतात?"

"बाबा, तुमचं नाव जाईल. आहे तेवढंही जाईल."

"जाऊ दे. ते माझं नव्हतंच, त्याचं घेतलेलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या बोटीच्या आधी, सगळे चालक तिकीटखिडकीसमोरच्या बाकांवर जमले. दोन वर्षांनी वस्ताद चारचौघांत आलेले पाहून दोघे-तिघे उठून उभे राहिले. वस्तादांनी बसा म्हटलं नाही, स्वतःही बसले नाहीत. घाऱ्या सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभा होता. मॅनेजर दारात.

"ती बोट मी आपटली होती," वस्ताद म्हणाले. "सोमवारी. मला कळलं होतं. हात फिरवला आणि गप्प बसलो, तुम्हाला शिकवलंय तसंच. मग चौकशीत घाऱ्यावर ढकललं. नाव न घेता ढकललं, ते जास्त वाईट. त्या बाईचा गुडघा माझ्यामुळे गेला. मॅनेजरसाहेब, लिहून घ्या." मग ते पुढे म्हणाले, "हातफिरवणी मी शिकवली, ती चुकीची शिकवली. पंखा फिरतो म्हणून मोटर ठीक असते असं नाही. चीर हाताला लागत नाही. हा डबा बसवून घ्या. तेव्हा हा डबा असता तर मी खोटं बोलूच शकलो नसतो, आणि मला ते बरं झालं असतं."

 घाऱ्या खांबापासून सुटला. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी होणार. तो पुढे आला, टेबलावरच्या कागदावर सही केली आणि आपल्या बोटीकडे निघून गेला. मीटरताई त्याच्या मागे धावली. धावताना मीटर तिच्या बरगडीवर आपटत होता.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "दोन वर्षं चुकलं."

तो दोर सोडवत होता. "ताई, माझ्या बोटीचा भोंगा बसलाय," तो म्हणाला. "दुपारी बघा जमलं तर."

तिने दुपारी नाही, तेव्हाच बघितला.

बाकीच्या सगळ्या सह्या त्याच सकाळी झाल्या. मॅनेजर खरंच वर जाऊन भांडला, घामाने शर्टाची इस्त्री मोडेपर्यंत. तीन वेळांचा नियम गेला. त्या जागी नवा आला: दिवा लागला की धक्क्यावर यायचं, गिअरबॉक्स तपासून घ्यायचा, दोषी कोण हे विचारायचं नाही. नऊ बोटींवर नऊ डबे बसले, नऊ आवरणांत. घाऱ्याला प्रवासी बोट परत मिळाली. वस्तादांना अर्थातच स्टिअरिंग मिळालं नाही, आणि परिचारिकेने त्यांच्याशी बोलणं बंद केलं ते आजतागायत. पण तपासणीला माणूस हवा होता. आयुष्यभर मोटरी हाताळलेला, उतारावर गुडघाभर पाण्यात उभं राहायची तयारी असलेला. वस्तादांनी ते काम मागून घेतलं. सकाळी सहाला ते उतारावर स्टूल टाकून बसत, हातात पाना.

चार महिने दिवे लागले ते दोन-तीनदा, किरकोळ. चालक येत, मानेनेच खुणावत. "लागलं" हा शब्द अजूनही कुणाच्या तोंडून निघत नव्हता. सवयच तशी. घाऱ्या तर वस्तादांच्या स्टुलावरून जाताना पलीकडच्या बाजूने जायचा.

मग एका सकाळी, सगळ्यात गर्दीच्या फेरीत, घाऱ्याची बोट अर्ध्या वाटेवरून परत फिरलेली ताईला दिसली. हळूहळू, चालत्या माणसाच्या वेगाने येत होती. आत चौदा माणसं, पुढच्या बाकावर काठी धरून ती परिचारिका. लोक कुरकुरत होते, कुणी घड्याळ दाखवत होतं. डब्यावरचा लाल दिवा ताईला लांबूनही दिसला आणि ती उताराकडे धावली.

घाऱ्याने बोट उताराला लावली, मोटर वर घेतली. पंख्यावरून हात फिरवला नाही. तो सरळ स्टुलाकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वस्ताद, लागलंय. बघा."

वस्ताद पाण्यात उतरले. फडक्याने गिअरबॉक्स पुसला, वाकून बघितलं, मग ऑइलचा स्क्रू सैल केला. काळं यायला हवं ते ऑइल दुधासारखं पांढरं आलं. आत पाणी शिरलं होतं. त्यांनी पान्याच्या टोकाने ताईला जागा दाखवली. केसाएवढी चीर होती, डोळे ताणल्याशिवाय दिसली नसती. पंखा मात्र छान फिरत होता.

"दुसरी बोट लाव गं," वस्ताद म्हणाले. मग मान वर न करता घाऱ्याला म्हणाले, "चांगलं केलंस."

"तुम्ही शिकवलं नव्हतंत असं," घाऱ्या म्हणाला.

"नाही," वस्ताद म्हणाले. "मीही आत्ताच शिकलो."

 घाऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोटर धरायला पाण्यात उतरला. मीटरताई दुसऱ्या बोटीच्या बॅटरीचा व्होल्टेज बघायला गेली, कारण चौदा माणसांना कामावर पोचायचं होतं.